गोदावरीत ठेवलेलं यंत्र

नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर एकसारखा नसतो. ऊन चढलं की शेवाळ आणि पाण्याखालच्या वनस्पती प्राणवायू सोडतात आणि दुपारनंतर त्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. सूर्य मावळला की ही निर्मिती थांबते, श्वसन मात्र चालूच राहतं: शेवाळाचं, माशांचं, आणि सर्वाधिक म्हणजे सांडपाण्यावर जगणाऱ्या जिवाणूंचं. रात्रभर उतरत जाऊन प्राणवायू उजाडण्याच्या जरा आधी तळ गाठतो. मासे बहुतेकदा याच वेळी गुदमरतात. सकाळी काठावर फिरायला आलेल्याला ते तरंगताना दिसतात, आणि अकरा वाजता नमुन्याची बाटली घेऊन आलेल्याला पाणी बऱ्यापैकी सावरलेलं मिळतं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झालं, तेव्हापासून नदीची परीक्षा मुख्यतः बाटलीनेच होत आली आहे. ठरलेल्या जागी जायचं, नमुना भरायचा, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा. ही पद्धत भक्कम आहे आणि ती सुटणारही नाही. पण ती कळवते ते त्या एका वेळेपुरतं, आणि नाशिकची गोदावरी तासातासाला बदलते. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की चांगल्या पाण्याचा लोट येतो आणि सगळे आकडे काही दिवस सुधारतात. आवर्तन थांबलं की उन्हाळ्यात आनंदवल्लीच्या पुढच्या पात्रात शहरातून आलेल्या पाण्याचा वाटा वाढत जातो. सातपूर-अंबडच्या बाजूची नासर्डी टाकळीच्या संगमावर मिळते, वाघाडी पंचवटीतून उतरते. दसक-पंचक, एकलहरे, सायखेडा, चांदोरी असं करत हे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला अडतं. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं पक्ष्यांचं ठिकाण ते हेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि नाशिकची गोदावरी त्यांत आहेच. रात्री दोन वाजता एखाद्या नाल्यातून कुणी काही सोडलं तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही.

त्यासाठी यंत्र नदीतच मुक्कामाला ठेवावं लागतं. हातभर लांबीची एक नळी, तिच्या टोकाला पाच-सहा सेन्सर: तापमान, पीएच, विद्युतवाहकता, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू, कधी अमोनियम. क्षेत्रावरची माणसं या सगळ्याला मिळून ‘प्रोब’ म्हणतात. पुलाच्या खांबाला बांधलेल्या, भोकं पाडलेल्या पाइपात तो सोडतात. वर काठावर एक पेटी, तिच्यात डेटा लॉगर, बॅटरी आणि मोडेम, डोक्यावर सोलर पॅनेल. दर पंधरा मिनिटांनी वाचन होतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून कार्यालयात पोहोचतं. केंद्रीय मंडळाने गंगेवर अशी स्वयंचलित केंद्रं उभारली आहेत. महाराष्ट्रात १९९५ पासून जलविज्ञान प्रकल्पाच्या निमित्ताने पाणी मोजण्याची मोठी यंत्रणा उभी राहिली, आणि राज्याच्या जलसंपदा विभागाचं जलविज्ञानाचं काम पाहणारं कार्यालय नाशिकमध्येच आहे. १९५९ सालची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, हीसुद्धा इथलीच. पाणी मोजणाऱ्यांचं हे गाव आहे, म्हणून इथे हा विषय नीट मांडायला हवा.

खरेदी, बसवणं आणि उद्घाटन एवढं सहज पार पडतं. खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. स्क्रीनवरच्या आकड्याचा खरेपणा यंत्राच्या किमतीवर कमी आणि ते धुणाऱ्या माणसाच्या फेऱ्यांवर जास्त अवलंबून असतो, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्यात पंधरा दिवस पाण्यात राहिलेला प्रोब वर ओढला की पहिल्यांदा हाताला लागतो तो बुळबुळीतपणा. जिवाणू आणि शेवाळाचा पातळ थर आधी बसतो, त्याला गाळ चिकटतो, गाळात किडे घर करतात, गोगलगायी अंडी घालतात. शहरातल्या पात्रात याच्या जोडीला निर्माल्य येतं. झेंडूच्या पाकळ्या कुजून सेन्सरच्या जाळीत अडकलेल्या असतात, हारांचा दोरा पुसणीच्या दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, केस असतात, प्लॅस्टिकच्या पिशवीची चिंधी असते. ही पुसणी म्हणजे ठरावीक वेळाने फिरून सेन्सरची काच साफ करणारा एक इवलासा ब्रश. दोऱ्याने ती अडली आणि नेमकी काचेवरच थांबली, की गढूळपणाचं यंत्र स्वच्छ पाण्यालाही गढूळ ठरवतं.

या थराचा घात असा की तो प्रत्येक सेन्सरला वेगळ्या दिशेने फसवतो. प्राणवायूच्या सेन्सरवर जिवाणू बसले तर ते तिथल्या तिथे प्राणवायू खातात, आणि नदीत आहे त्यापेक्षा कमी आकडा येतो. तिथेच हिरवं शेवाळ बसलं तर भर दुपारी ते काचेला चिकटूनच प्राणवायू सोडतं, मग आकडा फुगतो. वाहकतेच्या सेन्सरच्या पोकळीत गाळ भरला की क्षार कमी दिसतात. गढूळपणा मोजताना पाण्यात अवरक्त प्रकाश सोडून काटकोनात किती विखुरतो ते पाहतात, त्यामुळे काचेवरचा थर आणि पाण्यातला गाळ यांतला फरक सेन्सरला कळत नाही. एकाच आठवड्याच्या दुर्लक्षाने एक आकडा वर जातो, दुसरा खाली, आणि दोन्ही अगदी विश्वास बसावा असे असतात.

याला तांब्याचा उपाय चांगला लागू पडतो. तांब्याचे आयन सूक्ष्मजीवांना मानवत नाहीत, म्हणून सेन्सरभोवतीचा पिंजरा तांब्या-पितळेचा करतात, नळीला तांब्याची पट्टी गुंडाळतात. ज्या नदीकाठच्या भांडी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या तांबट तांबं ठोकत आले, तिथे ही गोष्ट कुणाला नवी वाटायची नाही. पण तांब्यामुळे थर उशिरा धरतो एवढंच, धुण्यातून सुटका होत नाही.

धुण्याचीही एक रीत आहे आणि ती सगळ्यात मोलाची आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००६ साली सतत चालणाऱ्या जलगुणवत्ता यंत्रांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा असा, की माणूस जागेवर पोहोचला की लगेच ब्रश हातात घ्यायचा नाही. आधी मळक्या प्रोबचं वाचन टिपायचं. त्याच वेळी शेजारी दुसरा, कार्यालयातून ठाकठीक करून आणलेला हातमीटर पाण्यात धरून त्याचंही वाचन टिपायचं. मग प्रोब मऊ ब्रशने, साध्या पाण्याने, काचेवर ओरखडा न उठवता धुवायचा, परत नदीत सोडायचा आणि दोन्ही वाचनं पुन्हा घ्यायची.

समजा, धुण्याआधी प्रोब प्राणवायू ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर दाखवत होता आणि हातमीटर ४.९. धुतल्यावर प्रोब ४.८ वर आला, हातमीटर ५.० वर. हातमीटर सांगतो की तेवढ्या वेळात नदी स्वतःच ०.१ ने वाढली. प्रोब ०.६ ने वाढला. म्हणजे ०.५ ची चूक मळाची होती. यानंतर प्रमाण द्रावणात किंवा ओल्या हवेत प्रोब तपासायचा. तिथे जी तफावत निघेल ती सेन्सरच्या आतल्या सरकण्याची. या दोन चुका वहीत वेगवेगळ्या लिहायच्या. मळ मागच्या धुण्यापासून हळूहळू साठलेला असतो, म्हणून ०.५ ची दुरुस्ती पहिल्या दिवशी शून्य आणि शेवटच्या दिवशी पूर्ण अशी मधल्या दिवसांवर वाटता येते. आधीच धुऊन टाकलं तर मागच्या पंधरा दिवसांचे आकडे किती चुकले होते हे कळायची वाट कायमची बंद होते. नदीत स्नानासाठी प्राणवायू किमान ५ हवा असा निकष आहे. वरच्या उदाहरणातला अर्धा मिलिग्रॅम नेमका या रेषेच्या आसपासचा आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडातल्या पाण्याच्या बातम्या याच रेषेवरून लिहिल्या जाणार आहेत.

प्राणवायूच्या बाबतीत नाशिकची एक खास अडचण आहे, ती म्हणजे उंची. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो, इथे तो ७१० च्या जवळपास. दाब कमी म्हणून पाण्यात मावणारा प्राणवायूही कमी. २५ अंश तापमानाला समुद्रकाठचं शुद्ध पाणी पूर्ण भरलं तर ८.२६ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, नाशिकला तेच पाणी ७.७ च्या आसपास थांबतं. मुंबईहून घाट चढवून आणलेला प्रोब इथल्या हवेत ठाकठीक करताना दाबाचा आकडा मुंबईचाच ठेवला, तर नदी आहे त्यापेक्षा सात टक्क्यांनी निरोगी दिसते. यात यंत्राचा दोष नसतो. ओल्या फडक्याच्या पेल्यात प्रोब ठेवून, जागेवरचा दाब घालून, काटा स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं, आणि उन्हात उभं राहून एवढं थांबणं माणसाच्या जिवावर येतं. सावलीसाठी छत्री नेणं हा या कामातला मी पाहिलेला सगळ्यात उपयोगी खर्च आहे. छत्री नसेल तर पेल्यातलं तापमानही पळत राहतं आणि वाचन बसतच नाही.

पीएचची काच त्याहून नाजूक. तिच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो, त्यात हायड्रोजन आयनांच्या फरकाने काही मिलिव्होल्ट तयार होतात. २५ अंशांवर एका पीएचला आदर्श ५९.१६ मिलिव्होल्ट. नव्या काचेत हा उतार त्याच्या जवळ असतो, वय वाढत गेलं की तो घसरतो आणि पंचावन्नच्या खाली गेला की काच बदलायची. तपासणी ४, ७ आणि १० च्या बफरने होते. बफरची बाटली जीपच्या डॅशबोर्डवर तापली तर तिचाही आकडा हलतो. २५ अंशांना १०.०१ असलेला बफर ३५ अंशांना ९.९३ होतो. शिवाय तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरत जातो, म्हणून एकदा वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. काटकसर म्हणून नेमकं हेच केलं जातं. काच सुकू द्यायची नाही आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायची. डिस्टिल्ड वॉटर शुद्ध, म्हणून चांगलं, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते काचेच्या आतले क्षार ओढून घेतं.

पेटीतले त्रास वेगळेच. मुंग्यांना उबदार, कोरडी पेटी फार आवडते. केबल आत येते त्या भोकाची सील सुटली की त्या शिरतात आणि सर्किटवर माती आणून टाकतात. कुंभारीण माशी मातीचं घरटं करून हवेचं भोक बुजवते. पालीची अंडी सापडतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवलेली असते; निळे दाणे गुलाबी झाले की दमट हवा आत येते आहे, इतका सोपा इशारा. तो बघायला पेटी उघडायला हवी. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण वीस अंशांच्या कलाने बसवायचं, कारण नाशिकचा अक्षांश तेवढाच. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबक-इगतपुरीकडून चढत आलेलं आभाळ दिवसच्या दिवस फिटत नाही. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी १२.७ दाखवते, १२.२ वर ती अर्धी आणि ११.९ च्या आसपास जवळजवळ रिकामी. बंद पडलेल्या केंद्रांमागे पुष्कळदा कुठलंही गहन कारण नसतं. पॅनेलवर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते, नाहीतर मोडेमच्या सिमकार्डाचं रिचार्ज संपलेलं असतं.

पावसाळा म्हणजे पूर. गोदाघाटावर पुराची मोजणी लोक दुतोंड्या मारुतीवरून करतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या आठवणी याच भाषेत सांगितल्या जातात, आणि फार मोठा पूर असला तर नारोशंकराच्या देवळाच्या घंटेचं नाव निघतं. काठावर पेटी किती उंचीवर बसवायची हे ठरवताना नकाशातल्या पूररेषेइतकीच ही माहिती उपयोगाची आहे, कारण घाटावरचा दुकानदार पाणी नेमकं कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोट ठेवून दाखवतो. पाण्यातल्या प्रोबला मात्र पुरात वाचवायचं असेल तर तो वेळेवर बाहेर काढावा लागतो. धरणाच्या विसर्गाचा निरोप आला की दोन तासांत कोण जाणार, पाइपचं कुलूप कुणाकडे, हे आधी ठरलेलं हवं. पुराबरोबर पाणवेली येतात. सायखेड्याच्या पुलाला दरवर्षी अडकणारा त्यांचा ढीग पाहिला की कळतं, तिथल्या खांबाला बांधलेला पीव्हीसी पाइप काय टिकणार. तिथे लोखंडी पाइप लागतो, तोही खांबाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या आडोशाला.

पाणवेलींचा दुसरा प्रश्न उन्हाळ्यात येतो. त्यांची पानं हवेत असतात, म्हणून त्या प्राणवायू हवेला देतात. पाण्याला मिळते ती फक्त सावली आणि कुजणारी मुळं. त्यांच्या गालिच्याखाली सापडलेला प्रोब प्राणवायू शून्याच्या जवळ दाखवतो आणि तो खोटं बोलत नसतो. प्रश्न असा की तो आकडा नदीचा म्हणायचा की त्या गालिच्याखालच्या कोपऱ्याचा. म्हणून जागा निवडताना पात्राच्या आडव्या रेषेत चार-पाच ठिकाणी हातमीटर धरून पाहायचं आणि ज्या ठिकाणचं पाणी सगळ्या पात्राशी जुळतं तिथे खांब धरायचा. नाल्याच्या संगमाला लागूनच बसवलं तर नालाच मोजला जातो.

कार्यालयात बसून आलेख वाचणारा माणूस हुशार असेल तर निम्म्या फेऱ्या वाचतात. तापमान हा त्याचा सर्वांत विश्वासू खबऱ्या. नदीचं पाणी दिवस-रात्रीत थोडंच तापतं-निवतं. तापमानाची रेघ अचानक सपाट झाली तर प्रोब गाळात रुतला आहे. ती उलट एकदम वरखाली नाचू लागली आणि वाहकता शून्यावर आली तर पाणी उतरलंय आणि प्रोब हवेत लटकतोय. निफाडच्या डिसेंबरात हे ओळखणं फारच सोपं. पहाटेची हवा एकआकडी अंशांवर जाते, तेवढी थंड नदी होत नाही. प्राणवायूची दुपारची शिखरं दिवसागणिक उंच होत गेली आणि धुतल्यावर एका झटक्यात खाली आली, तर ते शेवाळ नदीतलं नव्हतं, काचेवरचं होतं. गणेश विसर्जनाच्या दिवशी गढूळपणा चढला आणि दोन दिवसांत उतरला, तर ते नदीचं. चढला आणि तसाच राहिला, तर पुसणी बघायला माणूस धाडायचा. सगळ्यांत संशयास्पद आकडा म्हणजे तासन्‌तास न बदलणारा. वाहती नदी इतकी शांत नसते.

आता पैशाचं. निविदांमध्ये यंत्राची किंमत मोठ्या अक्षरात असते आणि देखभालीचा करार शेवटच्या पानावर. ‘केंद्र चालू आहे’ याचा अर्थ आकडा येतो आहे एवढाच धरला, तर ठेकेदाराला मळका प्रोबही परवडतो, कारण मळका प्रोबही आकडे पाठवतच असतो. बिल द्यायचं तर तपासून ग्राह्य धरलेल्या आकड्यांवर द्यावं, आणि धुण्याआधी-धुतल्यानंतरच्या नोंदी नसलेला पंधरवडा ग्राह्य धरू नये, असं मला वाटतं. दुसरं, गावातलं माणूस. काठावरचा एखादा शेतकरी, मंदिराचा गुरव, कालव्याचा पाटकरी, यांतल्या कुणाला थोडं मानधन देऊन रोज एक नजर टाकायला सांगितलं तर पॅनेल आणि बॅटरी चोरीला जाण्याचं प्रमाण घटतं, आणि पाणवेल अडकल्याचा फोन त्याच दिवशी येतो. त्याला आलेखही दाखवावा. आपल्याच गावाखालची नदी पहाटे किती खाली जाते हे पाहिलेला माणूस त्या पेटीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आणि प्रोबला जमत नाही ते प्रयोगशाळेनेच करायचं. विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू पाण्यातला सेन्सर मोजत नाही. बीओडी म्हणजे जिवाणूंना लागणारा प्राणवायू, आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. पाण्यात बुडवलेलं यंत्र बीओडी म्हणून दाखवतं तो अतिनील प्रकाश किती शोषला गेला त्यावरून बांधलेला अंदाज असतो, आणि तो अंदाज त्याच नदीच्या बाटल्यांशी पुन्हापुन्हा ताडून पाहावा लागतो.

प्राणवायूच्या आकड्याची साक्ष काढायलाही बाटलीच लागते. बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेली रीत आजही त्यासाठी चालते. धुतलेला प्रोब नदीत सोडला की त्याच्या शेजारचंच पाणी, बुडबुडा न होऊ देता, काचेच्या बुचाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत काठोकाठ भरायचं. त्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड-अॅझाइड पिपेटने खाली सोडायचं, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू भरपूर असेल तर गडद तपकिरी साका खाली बसतो. पाणवेलीखालच्या पाण्यात तो पांढरा निघतो, म्हणजे प्राणवायू नाही. बाटलीवर जागा आणि वेळ लिहून ती अंधारात ठेवायची आणि आठ तासांच्या आत प्रयोगशाळेत आम्ल घालून थायोसल्फेटने मोजायची. त्या आकड्यात आणि प्रोबच्या आकड्यात ०.३ मिलिग्रॅमपर्यंत फरक असेल तर नोंद करून पुढच्या केंद्राकडे निघायचं. जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी परत यायचं, सेन्सरवर बसवायची नवी टोपी आणि ताजी द्रावणं घेऊन.